तुमचा प्लेअर खराब आहे

माझ्या दिरांना अख्खी गल्ली सीडीकाका म्हणते. मी भाऊजी म्हणते, आणि राग आला की काहीच म्हणत नाही, नुसती कात्री आपटते. आमचं दुकान एकच, मधे प्लायवूडची फळी. फळीच्या अलीकडे माझं शिलाई मशीन आणि उसवलेल्या कपड्यांचा ढीग, पलीकडे त्यांचा कॉम्प्युटर, वायरींचं जंजाळ आणि डिस्कांच्या चळती. फळी वरपर्यंत जात नाही. त्यामुळे ते गिऱ्हाइकाला काय थापा मारतात ते मला ऐकू येतं, आणि मी त्यावर काय पुटपुटते ते त्यांना.

लग्न त्यांनी केलं नाही. स्थळाचं विचारलं की म्हणायचे, "वहिनी, एवढं बर्न होऊ द्या, मग बघू." ते बर्न होत राहिलं आणि वय निघून गेलं. माणूस मनाचा चांगला हो, पण फुशारकी किती मारावी! एका काळी गावातली लग्नं, वाढदिवस, शाळेची गॅदरिंगं, निरोपाची भाषणं, सगळं त्यांच्या हातून डिस्कवर जायचं, म्हणजे बर्न व्हायचं. पडद्यावर 'बर्न यशस्वी' असं आलं आणि ती टुंई अशी धून वाजली, की त्यांची छाती वीतभर फुगायची. जणू स्वतःच गायले! वर गिऱ्हाइकाला ऐकवायचे, "माझ्या हातची डिस्क म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." बर्न फसलं की मात्र धून नाही, बोलणं नाही, काही नाही. ती डिस्क गुपचूप फळीवरून माझ्याकडे यायची आणि मी ती दोऱ्याला बांधून कबुतरं हाकलायला खिडकीत टांगायची. माझी खिडकी कायम चमचमती असायची, यावरून काय ते समजा.

डिस्क लिहायचं जे यंत्र असतं, त्याला हे लोक रायटर म्हणतात. भाऊजींच्या रायटरचं नाव पहिलवान. जाडजूड, पिवळट पडलेला, ट्रे बाहेर काढताना कण्हायचा. नवे किती आले आणि किती मेले, पहिलवान आपला तसाच. भाऊजींचा त्याच्यावर भारी जीव.

आता त्या काळातली एक गंमत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गिऱ्हाईक डिस्क घरी घेऊन जायचं आणि दोन दिवसांनी परत यायचं. "काका, ही लागत नाही हो आमच्याकडे." भाऊजी ती डिस्क पहिलवानात सरकवायचे. घर्रर्र आवाज व्हायचा आणि पडद्यावर नवरा-नवरी हसताना दिसायचे. मग भाऊजी खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "बघा, चालतेय की नाही? तुमचा प्लेअर खराब आहे." आणि जाता जाता त्या बिचाऱ्याच्या गळ्यात प्लेअर पुसायची एक डिस्क मारायचे. एकानं तर या नादात नवा प्लेअर घेतला. तोही खराब निघाला.

"भाऊजी," मी फळीवरून विचारायची, "अख्ख्या गावाचे प्लेअर एकदम कसे हो बिघडतात?"

"धूळ, वहिनी. इथं धूळ फार आहे."

पुढं पेन ड्राइव्ह आले, मोबाईल आले आणि डिस्कांचे दिवस भरले. भाऊजी काही दिवस नुसते माश्या मारत बसले. मग लोकांना माळ्यावरच्या जुन्या डिस्कांची आठवण झाली. "यातलं मोबाईलवर घेऊन द्या" म्हणत पिशव्या भरभरून यायला लागले आणि दुकान पुन्हा उभं राहिलं. पण पहिलवानाची कुरकुर वाढली होती. दिवसभर फळीपलीकडून ते कण्हणं ऐकून माझं डोकं उठायचं. एक दिवस मी सरळ सांगितलं, "एक तर याला दुरुस्त करा, नाही तर भंगारात द्या. हे म्हातारं मला रोज रोज ऐकायचं नाही." बोलले, आणि आजही बोलेन.

भाऊजींनी तो उघडला. डिस्क वाचणारं भिंग बसवलेली एक पट्टी असते, तिच्याखाली बारीक बारीक स्क्रू असतात. ते फिरवून त्यांनी भिंग नीट सरळ केलं. कारखान्यातून आलेली सिनेमाची एक डिस्क घातली, तिच्यावर पडताळून पाहिलं, स्क्रू घट्ट केले आणि सगळं स्पिरिटनं लख्ख पुसलं. पहिलवान असा सुधारला म्हणता! जी ओरखडलेली डिस्क दुसऱ्या कुठं लागायची नाही, ती हा उचलायचा. त्याच्यावरच भाऊजींचं पोट चालायला लागलं. फक्त एक गोष्ट मी टिपली होती. स्वतः भाऊजींनी पूर्वी बर्न केलेली डिस्क आली, की हमखास तीच लागायची नाही. तेव्हा ते गिऱ्हाइकावरच उखडायचे, "तुम्ही नीट ठेवली नाहीत. बुरशी लागलीय. मेली ही."

अशा वेळी एका सकाळी आमच्या शाळेच्या बाई दुकानात आल्या.

या बाईंनी मला शिकवलं, भाऊजींना शिकवलं, गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कान पिळले. आवाज असा, की वर्गात बोलल्या तर फाटकाबाहेरचा मुलगा खिशातला हात बाहेर काढायचा. त्याच बाईंच्या गळ्याला रोग झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आता गळ्याला रुमाल आणि खांद्यावरच्या पिशवीत लहान मुलाची पाटी. बोलायचं ते पाटीवर लिहून दाखवायचं.

सोबत त्यांचे यजमान होते. आम्ही त्यांना आजोबा म्हणतो. उंच, स्वच्छ, शर्टाची वरची गुंडी लावलेली. अलीकडे त्यांना विसर पडायला लागलाय, हे ऐकून होते. किती, ते त्या दिवशी कळलं. बाई भाऊजींच्या बाजूला गेल्या आणि आजोबा माझ्यासमोर स्टुलावर बसले. बाईंकडे बोट करून मला हळूच म्हणाले, "या बाई फार चांगल्या आहेत हो. माझं सगळं करतात. पण आमची ही परत आली, की यांना सुट्टी द्यावी लागेल. कसं सांगू, तेच कळत नाही."

माझ्या हातातली सुई हातातच राहिली. बाईंना ऐकू गेलं होतं, त्यांची पाठ मला दिसत होती. आजोबांच्या लेखी त्यांची बायको म्हणजे तो आवाज. चेहरा कधीचा पुसट झाला असेल, पण आवाज होता तोवर धागा होता. घरात "अहो" म्हणून हाक आली, की ते निमूट जेवायचे, निमूट झोपायचे. आवाज थांबला आणि त्यांची बायको हरवली. घरात राहिली ती एक मुकी, चांगली, परकी बाई.

बाईंनी पिशवीतून एक डिस्क काढली आणि पाटीवर लिहिलं, 'यात मी आहे.'

डिस्कवर मार्करनं लिहिलेलं होतं, 'बाईंच्या गोष्टी', आणि शेजारी एक फूल. फूल आमच्या भाऊजींचं! तेव्हा गिऱ्हाइकाला खूश करायला काढायचे. मला आठवलं. बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं सांगितलं, तुम्ही वर्गात सांगायचात त्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवा. भाऊजी माईक घेऊन बाईंच्या घरी गेले होते. बाई पलंगावर बसून गोष्ट सांगताहेत, आजोबा दाराशी पंख्याच्या बटणापाशी उभे, असं ते रेकॉर्डिंग. मधे कुठंतरी बाई आजोबांशी बोलल्या होत्या, ते काढून टाका असं बाईंनी बजावलं होतं. भाऊजींनी मान डोलावली आणि नेहमीप्रमाणे विसरले. डिस्का शाळेत गेल्या, तिथं लागल्या नाहीत, शाळेचा प्लेअर खराब ठरला, आणि त्या कुठंतरी फेकल्या गेल्या. कॉम्प्युटरमधली मूळ फाईल म्हणाल, तर जागा कमी पडली की भाऊजी जुनं पुसून मोकळे व्हायचे. उरली ती ही एक.

"मोबाईलमध्ये नाही का बाईंचा आवाज?" मी विचारलं.

बाईंनी लिहिलं, 'आहे. आजारपणातला. घोगरा. यांना ओळखू येत नाही.' मग पुसून पुन्हा लिहिलं, 'मोठ्या दुकानात दाखवली. डिस्क कोरी आहे म्हणाले.'

भाऊजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बाई, त्यांचा प्लेअर खराब असेल."

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या मुलाकडे बघायच्या ना, तसं. भाऊजींनी निमूट डिस्क घेतली.

मऊ फडकं घेऊन त्यांनी ती मधून कडेकडे अशी पुसली. गोल पुसायची नसते म्हणे, एवढं मलाही आता पाठ आहे. नव्या रायटरमध्ये घातली. पडद्यावर आलं, 'कृपया डिस्क टाका.' दुसऱ्यात घातली, तेच. मग मोठ्या थाटात पहिलवानात घातली. पहिलवान घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. 'कृपया डिस्क टाका.'

"टाकलीय ना रे बाबा, टाकलीय!" भाऊजी पडद्यावर खेकसले.

वाचायचा वेग कमी करून पाहिला. दुसरं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, मग तिसरं. बाई उभ्याच होत्या. शेवटी भाऊजी म्हणाले, "राहू द्या माझ्याकडे. बघतो." फुशारकी नाही, काही नाही. मला तिथंच धसका बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई धावत दुकानात आल्या. पाटीवर दोनच शब्द, 'हे नाहीत.' मी मशीनवरचा पाय काढला आणि त्यांच्याबरोबर निघाले. बसस्टँड पाहिला, दवाखाना पाहिला. हाक मारायची तर मीच, बाईंना तेही जमत नव्हतं. भर रस्त्यात आपल्या माणसाला हाक मारता येऊ नये, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि मला बघवत नव्हतं. शेवटी आजोबा सापडले ते शाळेच्या फाटकापाशी. उन्हात ताटकळत उभे.

"काय करताय इथं आजोबा?" मी विचारलं.

"शाळा सुटायची वाट बघतोय. ही येईलच आता." मग बाईंना पाहून संकोचले. "तुम्ही कशाला त्रास घेतलात एवढ्या उन्हाचा?"

त्या संध्याकाळी बाईंच्या मुलीचा फोन आला. ती परगावी असते. मुलगी वाईट नाही, तिला दोष देऊ नका. वडील असे बाहेर पडायला लागले आणि आईला ओरडून कुणाला बोलावताही येत नाही, तर तिनं करावं काय? म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक जागा तिनं बघून ठेवली होती. शनिवारी गाडी घेऊन येते, बाबांना तिथं सोडू, असं तिनं सांगितलं. बाईंनी हे मला पाटीवर लिहून दाखवलं आणि लगेच पुसलं.

मी दुकानात येऊन भाऊजींना सगळं सांगितलं. ते पहिलवानासमोर बसले होते.

"भाऊजी, काय झालंय?"

त्यांनी सिनेमाची डिस्क पहिलवानात घातली. चटकन लागली. ती काढून खिडकीपाशी ठेवलेली, त्यांचं फूल काढलेली, कुणाच्या तरी वाढदिवसाची डिस्क घातली. नाही लागली. त्यांच्या हातची आणखी एक घातली. तीही नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "तेव्हा पहिलवान वाकडा होता."

"म्हणजे?"

"भिंग तिरपं होतं. तिरपंच लिहायचा आणि तिरपंच वाचायचा. म्हणून त्याचं त्याला लागायचं, दुसऱ्या कुणाला लागायचं नाही. मी त्याला सरळ केला, आता त्याला स्वतःचं जुनं अक्षर लागत नाही."

मी शिवणारी बाई, मला हे लगेच कळलं. माझी एक जुनी टेप ओढून ओढून लांबली होती. तिनं कापलेलं कापड तिच्याच मापात बरोबर यायचं, अंगात मात्र कुणाच्याच बसायचं नाही. मी ती टेप फेकून दिली होती. म्हणजे गावातला एकही प्लेअर खराब नव्हता. अरे देवा! त्या नवा प्लेअर घेणाऱ्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि अशा वेळीसुद्धा मला हसू फुटलं. भाऊजींना नाही फुटलं.

"मग करा की परत वाकडा," मी म्हटलं.

"किती वाकडा? कुठल्या बाजूला? सगळं लख्ख पुसून ठेवलंय मी, खूण म्हणून ठेवली नाही. स्क्रूची डोकी झिजलीत. भिंगामागचा दिवा म्हातारा झालाय. वाकडा केला तर परत सरळ होईल याचा भरवसा नाही. मग मी काय तुमची काजं-बटणं करत बसू?"

"काजं तुम्हाला जमायची नाहीत," मी म्हटलं. "वाकडाच करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाईंच्या घरी गेले. मीही गेले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस स्वतःची चूक कबूल करणार आणि मी दुकानात बसून राहणार? अंगठ्यानं फरशी कोरत ते उभे राहिले. म्हणाले, "बाई, शाळेचा प्लेअर खराब नव्हता. माझाच रायटर वाकडा होता. आता तो मुद्दाम बिघडवून बघायला लागेल. तुमची डिस्कही जुनी झालीय, साथ देईल न देईल."

बाईंनी पाटीवर लिहिलं, 'मला तेव्हाच वाटलं होतं.' आणि खाली, मोठ्या अक्षरात, 'बिघडवा.'

त्यानंतर फळीपलीकडे जे चाललं होतं ते मी ऐकत होते. स्क्रू केसभर फिरवायचा, डिस्क घालायची, कान देऊन ऐकायचं, काढायची. पुन्हा केसभर. दुसरा स्क्रू. गिऱ्हाईक आलं की भाऊजी न बघता म्हणायचे, "आज बंद आहे." दुकान उघडं, दिवा चालू, माणूस समोर, आणि आज बंद आहे! मी चहा फळीवरून द्यायची, तो गार होऊन परत यायचा. मधेच ते पहिलवानाला शिव्या द्यायचे, मधेच गोंजारायचे. "ये रे राजा, जरा तिरका हो. एवढी वर्षं होतास ना?" मी रागावून म्हणायची, जेवून घ्या. ते जेवायचे, पण डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर तसाच.

शनिवारी सकाळी मी एक पँट आखूड करत होते. फळीपलीकडून पहिलवानाचा आवाज आला. नेहमीचं घरघरणं नाही, जुना आवाज. तो कण्हण्याचा. ज्याच्यामुळं माझं डोकं उठायचं ना, तो.

"वहिनी," भाऊजी अगदी हळू म्हणाले. "लागली."

मी पायात चपला न घालताच पलीकडे गेले. पडद्यावर फायलींची नावं दिसत होती. गोष्ट एक, गोष्ट दोन, अशा. भाऊजींनी सगळ्यात कमी वेगावर पहिली गोष्ट उतरवायला घेतली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. पट्टी भरली. भाऊजींनी दुसरी गोष्ट घेतली आणि पहिलवानानं एक लांब कण्हल्यासारखा आवाज केला आणि थांबला. ट्रे बाहेर येईना. पिन घालून काढला, पुन्हा घातला. भिंगामागचा दिवा लागतच नव्हता. पुष्कळ खटपट केली. गेला तो.

भाऊजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी उतरवलेली गोष्ट लावली आणि बाईंचा आवाज दुकानात आला, "मुलांनो, शांत बसा बघू." खरं सांगते, मी नकळत ताठ झाले. भाऊजींनी टेबलावरचं कोपर काढलं.

थोडं ऐकून ते म्हणाले, "ते मधलं बोलणं तसंच राहिलंय. निदान आता तरी काढून देतो, बाईंनी बजावलं होतं."

"काढत काय बसताय!" मी ओरडले. "गाडी आली असेल तिकडं!"

गाडी आलीच होती, बाईंच्या दारात उभी. आत गेलो तर दाराशी बॅग भरलेली. आजोबा पलंगासमोरच्या खुर्चीत, पायात बूट घातलेले, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट. मुलगी त्यांच्यासमोर गुडघे टेकून समजावत होती. "बाबा, चला ना. थोडे दिवस."

"ही आल्याशिवाय मी कुठं येणार नाही. सांगितलं ना एकदा. ती घरी येईल आणि मी नसेन, हे बरं दिसतं का?"

बाई पलंगावर बसल्या होत्या. पाटी मांडीवर, कोरी. खडू हातात होता, पण लिहिणार काय?

भाऊजींनी खिशातून छोटा स्पीकर काढला, पेन ड्राइव्ह लावला आणि टेबलावर ठेवला. बटण मीच दाबलं. वर पंखा खडखडत होता. तोच जुना पंखा, अजून तसाच.

"मुलांनो, शांत बसा बघू," बाईंचा आवाज म्हणाला. "एक होती मुंगी. तिला पलीकडच्या भिंतीवर जायचं होतं, आणि मधे होती एक दोरी..."

मुलीनं तोंडावर हात दाबला. बाई स्वतःचाच आवाज ऐकत होत्या, मान खाली घालून. आजोबांनी मान वर केली, पण उठले नाहीत. दारातून कुणी येतंय का, ते बघत राहिले. वाटलं, झालं, आता विचारतील, कुठंय ती.

तेवढ्यात आवाज गोष्ट सांगता सांगता थांबला. आणि वेगळ्याच सुरात, घरातल्या सुरात म्हणाला, "अहो, तो पंखा बंद करा ना जरा. खडखड ऐकू येतेय त्यात."

आजोबा उठले. कुणाचं न ऐकणारा तो माणूस निमूट उठला, बूट वाजवत दाराशी गेला आणि पंखा बंद केला.

खोलीत एकदम शांतता झाली. "हं," आवाज म्हणाला. "तर ती मुंगी दोरीवर चढली." आजोबा तिथंच उभे राहिले, हात बटणावर ठेवून, रेकॉर्डिंगच्या दिवशी उभे होते तसे. गोष्ट पुढं जात राहिली. मुंगी पडली, परत चढली. उकाडा वाढला, आमचे चेहरे घामानं निथळले, पण हललं कुणी नाही. मुंगी एकदाची भिंतीवर पोचली. "झालं," असं बाईंचा आवाज म्हणाला आणि रेकॉर्डिंग संपलं.

आजोबांनी स्पीकरकडे पाहिलंच नाही. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, बाईंकडे. इतके दिवस बाईंना अहो-जाहो करणारा तो माणूस म्हणाला,

"झालं ना गं तुझं? लावू का आता पंखा?"

बाईंच्या हातातला खडू खाली पडला. त्यांनी मान हलवली, हो म्हणून. पुन्हा हलवली, पुन्हा पुन्हा. आजोबांनी पंखा लावला आणि येऊन त्यांच्या शेजारी बसले.

"बघा," भाऊजी माझ्या कानाशी पुटपुटले, "चालतेय की नाही." शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत ते बाहेर जाऊन उभे राहिले.

मुलीनं दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.